रेंज होती, डेटा नव्हता

ती आमच्या कॉलेजात शिकवायला आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला असणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझीच विद्यार्थिनी. टेलिकॉमच्या दुसऱ्या वर्षापासून ती माझ्या हाताखाली शिकली, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मीच तिची गाईड होते. पुढे तिनं पुण्याला एम.टेक. केलं, मग बंगळुरूच्या एका कंपनीत काही वर्षं मोबाइल नेटवर्कवर काम केलं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, घरात बघणारं कोणी नव्हतं, म्हणून ती नोकरी सोडून नाशिकला परत आली. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती आहे. वडील रोज पहाटे झेंडू, अ‍ॅस्टर, गुलछडी घेऊन फुलबाजारात जातात. तिला घराजवळ काहीतरी हवं होतं आणि आमच्या विभागात एक जागा रिकामी होती.

विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली. "या आपल्या नवीन सहकारी, आणि यांच्या गुरू इथंच बसल्यात." टाळ्या वाजल्या. ती सरळ माझ्याकडे आली आणि वाकून पाया पडली. मी तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला आणि "खूप मोठी हो" म्हणाले. म्हणता म्हणताच लक्षात आलं की ती मोठी झालेलीच आहे, माझ्या आशीर्वादाची वाट न बघता. काहीतरी खटकलं. तेव्हा मी त्याला नाव दिलं नाही. चहा गार झालाय म्हणून असेल, असं काहीतरी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाची लॅब माझी. म्हणजे कागदोपत्री कॉलेजची, पण सगळे तिला मॅडमची लॅबच म्हणायचे. तिथं मी एक छोटं मोबाइल नेटवर्क उभं करत होते. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणालाही घेऊन वापरता येईल असं खुलं सॉफ्टवेअर असतं. ते एका संगणकावर चढवायचं, त्याला जेवणाच्या डब्याएवढी रेडिओची पेटी जोडायची, कोरी सिमकार्डं स्वतः लिहायची आणि फोनमध्ये घालायची. मोठ्या कंपन्यांचं जे काम टॉवर आणि भलीमोठी केंद्रं करतात, तेच लहान रूपात एका खोलीत होतं. प्रयोगापुरती परवानगी मी काढली होती. लहरींची ताकद इतकी कमी ठेवली होती की फोन घेऊन व्हरांड्यात आलं की रेंज जायची.

या खोलीसाठी मी काय काय केलं होतं ते कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे गावाला गेलेले असताना मी नाशिकरोडहून बस पकडून यायचे. कोणी शिकवायला नव्हतं. पडद्यावर एक चूक दिसायची, ती सुधारली की दुसरी. पहिल्यांदा फोनच्या कोपऱ्यात आमच्या नेटवर्कच्या चारही दांड्या उभ्या राहिल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते. मी तो फोन हातात धरून खिडकीपाशी गेले, परत टेबलाशी आले, परत खिडकीपाशी गेले. नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता त्यावरून बोलता येईल?" मी म्हटलं, "नाही, अजून नाही."

आणि तिथंच घोडं अडलं. फोन नेटवर्कला सापडायचा, नेटवर्क फोनला ओळखायचं, रेंज अगदी भरगच्च. पण डेटा चालू केला की काही नाही. कुठलंही पान उघडायचं नाही. दांड्या चार आणि उपयोग शून्य. मी महिनोन्‌महिने त्यामागे होते. वर्गात शिकवायचे, पेपर तपासायचे आणि उरलेला वेळ तिथं घालवायचे. मुलांना सांगायचे, होईल.

ती रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. विभागप्रमुख लॅबच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एकदा तिला बघू द्या ना. तिचं तर कामच हे होतं."

मी म्हटलं, "हो, बघू दे की. मीच सांगणार होते."

मी सांगणार नव्हते.

ती आली ती दारावर टकटक करून. "मॅडम, येऊ?" शिकत असताना यायची तशीच. माझ्या खुर्चीवर बसली नाही, बाजूचं स्टूल ओढलं. मी तिला सगळं दाखवलं. ती मधे मधे "अरे वा" म्हणत होती आणि तिचं ते "अरे वा" खरं होतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. "मॅडम, हे सगळं तुम्ही एकट्यांनी केलंत? आमच्याकडे याला पूर्ण टीम असायची." हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी दिवसभर मिरवलं असतं. तिच्या तोंडून ऐकताना मला त्यातलं फक्त 'आमच्याकडे' ऐकू आलं.

शेवटच्या वर्षाची चार-पाच मुलंमुली तिथं प्रॅक्टिकल करत होती. तीही आमच्याभोवती गोळा झाली. तिनं संगणकावरच्या नोंदी वर-खाली करून पाहिल्या. फोन नेटवर्कला जोडला जाताना एक नाव सांगतो, एपीएन म्हणतात त्याला. मला कुठल्या दारानं बाहेर जायचंय, ते सांगणारं नाव. तेच नाव सिमच्या नोंदीत लिहिलेलं असावं लागतं. मी दोन्हीकडे 'इंटरनेट' असंच लिहिलं होतं, कितीदा तपासलं होतं. पडद्यावर येत होतं की असं दार अस्तित्वातच नाही.

ती फोनवरचं ते नाव थोडा वेळ बघत राहिली. मग बोट ठेवून कर्सर शब्दाच्या शेवटी नेला, आणि एकदा खोडलं. काहीच खोडलं गेल्यासारखं दिसलं नाही.

"मॅडम, शेवटी एक रिकामी जागा होती. कीबोर्ड शब्द सुचवतो ना, तो निवडला की पुढे स्पेस टाकतो आपोआप."

फोनला लगेच पत्ता मिळाला. इतके महिने न मिळालेला आयपी पत्ता पडद्यावर आला. मुलं ओरडलीच. एक मुलगी म्हणाली, "मॅम, तुम्ही जादूगार आहात!" हे तिला होतं, मला नाही. आमच्याकडे जुन्या शिक्षिकांना मॅडम म्हणतात, नव्यांना मॅम.

मी हसले. "बघा, म्हणून मी सांगते, बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्या," असं मुलांना म्हणाले. माझा आवाज मला फार लांबून आल्यासारखा वाटला. एका रिकाम्या जागेनं मला इतके महिने अडवून धरलं होतं, आणि तिनं ती चहा निवायच्या आत काढून टाकली होती.

पण पान काही उघडलं नाही. पत्ता मिळाला, पडद्यावरचं ते गोल चिन्ह फिरत राहिलं आणि शेवटी इंटरनेट नाही असं आलं. मुलांचे चेहरे पडले. ती म्हणाली, "अजून काहीतरी आहे." आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

त्या आठवड्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे लोक येणार असं ठरलं. त्यांना त्यांच्या शेडमध्ये यंत्रं आपसात जोडण्यासाठी असलं छोटं नेटवर्क चालेल का ते बघायचं होतं. विभागप्रमुखांनी शनिवार दिला. "तोपर्यंत होईल ना?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते आम्हा दोघींच्या मधे कुठंतरी बघत होते.

घरी रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. रिकाम्या जागेचं सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. "हुशार आहे पोरगी. तुला तर अभिमान वाटायला हवा, तुझीच विद्यार्थिनी."

"वाटतोय ना," मी म्हटलं आणि भाजी वाढायला उठले. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण पुढे त्यांचाच साहेब झाला. लहानपणी मला ते घरी कौतुकानं सांगायचे असं वाटायचं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मनात आलं की ते सांगताना वडील नेहमी उठून पाणी प्यायला जायचे.

माझा हेवा काही मोठ्या गोष्टींपुरता नव्हता. ती भिंतीपलीकडच्या वर्गात शिकवायची आणि मुलं हसायची, की माझा खडू थांबायचा. ती स्टाफरूमच्या कपात रोज ताजी फुलं ठेवायची आणि सगळे म्हणायचे, किती प्रसन्न वाटतं. तिच्या टेबलाशी मुलं घुटमळत राहायची, माझ्याकडे सही घेण्यापुरती यायची. तिला एखादी गोष्ट येत नसेल तर ती सहज म्हणायची, "मला माहीत नाही, बघून सांगते." मला वीस वर्षांत ते वाक्य इतक्या मोकळेपणी म्हणता आलं नव्हतं. मला वाटतं, सगळ्यात जास्त हेवा मला त्या वाक्याचा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारभर लेक्चर्स होती. लॅबमध्ये तीच बसली होती. मी परतले तेव्हा ती बॅग आवरत होती. "काही सापडलं?" मी विचारलं.

"बघतेय मॅडम," ती म्हणाली. "आकड्यानं विचारलं तर फोन बाहेर पोचतोय. नावानं विचारलं की अडतंय."

म्हणजे असं, की बाहेरच्या एखाद्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत दिला तर फोनचा निरोप तिथवर जाऊन उत्तर येत होतं. पण आपण माणसं आकडे टाकत नाही, नाव टाकतो. ते नाव कुठल्या आकड्याचं हे सांगणारा कॉलेजचा एक सर्व्हर असतो, डीएनएस. फोनला त्याच्याकडून उत्तरच येत नव्हतं. बाहेरचा दुसरा कुठला डीएनएस वापरायची सोय नव्हती, कॉलेजनं ते बंद ठेवलेलं होतं.

"तो सर्व्हर आपल्याला उत्तर का देत नाही?" मी म्हटलं.

"तेच ना," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता बॅगेची चेन लावली.

सकाळी मी लवकर लॅबमध्ये आले. ती आपल्या लेक्चरला जाता जाता दारात थांबली. "मॅडम, सहज विचारते. आपलं नेटवर्क चालू असताना त्याच मशीनवर एखादी वेबसाइट उघडते का हो?"

"न उघडायला काय झालं?" मी जरा तुटकच म्हणाले. "मशीन कॉलेजच्या वायरनं जोडलेलं आहे."

"हो, तेही आहे," म्हणाली आणि गेली.

मी मशीनकडे बघितलं. काहीतरी शोधायचं असलं की मी नेहमी माझा लॅपटॉप वापरायचे. त्या मशीनवर मी कधी पान उघडलंच नव्हतं. उघडून बघितलं. उघडलं नाही. मी नेटवर्कचं सॉफ्टवेअर बंद केलं. पान झटकन उघडलं. परत चालू केलं, परत अडकलं.

मी खुर्ची मशीनजवळ ओढली. म्हणजे आजार फोनचा नव्हताच. आमचं नेटवर्क उभं राहिलं की आमच्या मशीनलाच तो डीएनएस सापडेनासा होत होता.

मग सगळं भराभर उलगडत गेलं. कॉलेजची नवी वायरिंग झाली तेव्हा त्या समितीवर मी होते. सर्व्हर रूमला कुठल्या आकड्यांचे पत्ते द्यायचे ते माझ्यासमोर ठरलं होतं, दहा-पंचेचाळीसनं सुरू होणारे. आणि हे खुलं सॉफ्टवेअर फोनना जे पत्ते वाटतं, तेही आपल्या मनानं दहा-पंचेचाळीसनंच सुरू होतात. मी ते कधी बदललं नव्हतं. एका गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या असाव्यात, आणि पोस्टमननं प्रत्येक पाकीट डोळे मिटून घराजवळच्या गल्लीत टाकावं, तसं झालं होतं. डीएनएसला पाठवलेला प्रत्येक प्रश्न बाहेर न जाता परत फोनच्याच दिशेनं वळत होता, आणि तिथं त्या पत्त्यावर कोणीच राहत नव्हतं.

मी फोनसाठीचे पत्ते बदलले. ज्या ज्या ठिकाणी जुने लिहिले होते तिथं तिथं नवे लिहिले, एकही जागा सुटू नये म्हणून दोनदा वाचून काढलं. सगळं बंद करून परत सुरू केलं. फोन विमान-मोडमध्ये टाकला, काढला. दांड्या आल्या. पत्ता आला, नवा. मी कॉलेजच्या साइटचं नाव टाकलं.

पान उघडलं.

मी ओरडले नाही. बाहेर जाऊन व्हरांड्यातून जाणाऱ्या मुलांना आत बोलावलं. एकानं लगेच क्रिकेटचा स्कोअर लावला. मग मोठी गर्दी झाली, विभागप्रमुख आले, त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "मॅडम, मानलं!" ती लेक्चर संपवून आली, गर्दीतून पुढे झाली आणि म्हणाली, "वा मॅडम! काय होतं?" मी सगळ्यांना सांगितलं. फळ्यावर काढून दाखवलं. ती मान डोलवत ऐकत होती. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की काय सांगू. जिंकलेल्या माणसाला येतं ते प्रेम. तिला म्हटलं, "चल, आज कँटीनमध्ये माझ्याकडून मिसळ."

मिसळ खाताना आमच्या सर्व्हर रूमचे भाऊ तिथं आले. वणीकडचे, जुने, कॉलेजच्या सगळ्या वायरी त्यांना तोंडपाठ. ती हात धुवायला उठली होती. भाऊ माझ्या टेबलाशी थांबले. "मॅडम, झालं म्हनं तुमचं काम? मिटली का ती पत्त्याची टक्कर?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आवो, नवीन मॅडम काल दुपारी आल्या व्हत्या ना माझ्याकडं. डीएनएसचा पत्ता कोन्ता, इचारत व्हत्या. मी सांगितला, तशा लगेच म्हनल्या, आमच्या फोनचे बी हेच पत्ते हायेत, म्हनून अडतंय. लय हुशार हाय बाई ती."

काल दुपारी. मी वर्गात असताना. मी "काही सापडलं?" विचारलं त्याच्या आधी.

ती हात पुसत येऊन बसली. मी उरलेली मिसळ संपवली. चव कुठल्या कुठं गेली होती.

संध्याकाळी पार्किंगमध्ये ती स्कूटर काढत होती. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. "तुला काल कळलं होतं."

ती समजली. हेल्मेट हातातच राहिलं. "मॅडम, मला खात्री नव्हती."

"होती."

तिनं हेल्मेट सीटवर ठेवलं. मग हळू म्हणाली, "होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं होतं ते. तुम्ही इतके दिवस घातलेत. मी काल आले आणि... आधीच त्या स्पेसच्या वेळी सगळ्यांसमोर तसं झालं, मलाच कसंतरी वाटलं. मला वाटलं, तुम्हाला सापडलं तर तुम्हाला बरं वाटेल."

"बरं वाटलं ना," मी म्हटलं. "फार बरं वाटलं. मी तुला मिसळ खाऊ घातली."

माझा आवाज चढला होता. शेजारची दोन मुलं गाडी न काढता तशीच उभी राहिली. मी आवाज खाली आणला. "सकाळी तू मला सहज म्हणून विचारलंस. मशीनवर पान उघडतं का. तो प्रश्न मी ओळखते. मीही विचारते तसे, वायव्हाला. पोरगं अगदीच अडलं, पास तर करायचं आहे, मग त्याला असा प्रश्न विचारायचा की उत्तर त्याच्या पायाशीच पडलेलं असतं. त्याला वाटतं आपण शोधलं. मी ते ढ मुलांसाठी करते गं. तुझ्यासाठी मला कधी करावं लागलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटला, की तिला इतक्या चटकन रडता येतं आणि रडतानाही ती चांगलीच दिसते.

"सॉरी, मॅडम."

"सॉरी नको. यापुढे तुला माझ्याआधी कळलं तर तोंडावर सांग. सगळ्यांसमोर सांग. मला राग येईल, तो मी बघून घेईन."

ती मान हलवून गेली. मी बसस्टॉपपर्यंत चालत गेले आणि समोर आलेली पहिली बस सोडून दिली, तिच्यात गर्दी नसतानाही.

शनिवारी कारखान्याचे तिघं आले. मी त्यांना सगळं दाखवलं, पेटी, सिमं, मशीन. त्यांच्यातल्या वयस्कर इंजिनिअरनं आमचा एक फोन घेतला आणि बातम्यांची साइट लावली. मथळे आले. सगळे खूष. मग त्यांनी आपल्याच कारखान्याची साइट लावली. वरची पट्टी आली, खाली फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. थांबले. चौकोन तसेच. व्हिडिओ लावून बघितला, तोही नुसता फिरत राहिला.

"स्लो आहे का?" त्यांनी विचारलं.

स्लो नव्हतं. लहान गोष्टी पटकन येत होत्या आणि मोठ्या येतच नव्हत्या. मी मशीनसमोर बसले. लहरींची ताकद बघितली, नोंदी बघितल्या. चूक म्हणून काहीच लाल येत नव्हतं. माझ्या पाठीमागे सगळे उभे होते. विभागप्रमुखांनी चहा मागवला. मी नोंदी परत वरपासून वाचल्या. ती माझ्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून उभी होती. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला कळलंय.

ती बोलणार होती. पार्किंगमधलं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि ती ते पाळणार होती, मला ते दिसलं. तिनं तोंड उघडलंही. पण मग पाहुण्यांकडे बघून ती परत थांबली. त्या एका क्षणात मला असं वाटलं, की तिनं गप्पच राहावं आणि हे बिघडलेलंच राहावं. बिघडलेलं असेल तर निदान ते माझं बिघडलेलं असेल.

"बोल," मी म्हटलं. "काय आहे?"

"पाकिटाचा आकार, मॅडम." तिचा आवाज जरा कापरा होता. "डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. आपल्या नेटवर्कमधून जाताना प्रत्येक तुकड्यावर आणखी एक वेष्टण चढतं. मोठा तुकडा आधीच पूर्ण भरलेला असतो, वेष्टण चढलं की तो वाटेत मावत नाही आणि गळून पडतो. लहान तुकडे जातात. फोनला आधीच सांगायला हवं, जरा लहान तुकडे कर."

पाहुण्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच. खोली जणू तिच्या बाजूला कलली.

"कुठं लिहायचं?" मी विचारलं.

ती स्टूल घेऊन शेजारी बसली. तिनं सांगितलं, मी टाइप केलं. पहिल्यांदा तुकड्याच्या मापाचा तो आकडा चुकीच्या ठिकाणी गेला आणि काहीच बदललं नाही. तिनं ओठ चावला. मी त्या फाइलीतली दुसरी ओळ दाखवली, "इथं नको का?" ती म्हणाली, "हो, हो, इथंच." परत सगळं बंद करून सुरू केलं. पाहुण्यांचा चहा संपला होता. फोन जोडला गेला. कारखान्याच्या साइटवरचे फोटो एकामागून एक उघडले, शेवटी त्यांच्या गेटचा आणि गेटसमोरच्या गुलमोहराचा.

त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यांनी तिला विचारले. किती यंत्रं जोडता येतील, शेडच्या पत्र्यामुळे अडथळा होईल का, यापूर्वी कुठं केलं होतं. ती प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला "मॅडमनी इथं असं केलंय" म्हणत होती, आणि ते लोक मान हलवून परत तिच्याकडेच बघत होते. मी पेटीच्या वायरी सरळ करत बसले. त्या सरळच होत्या.

महिन्याभरात ते काम आमच्या विभागाला मिळालं. त्याची प्रमुख ती. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, फार आडवळणानं, तरुण माणसाला धावपळ जमते वगैरे. मी म्हटलं, "बरोबर आहे, तिलाच द्या." बरोबरच होतं. बाहेर आले तर ती जिन्यात वाट बघत उभी होती.

"मॅडम, तुम्ही नसाल तर मी नाही करणार."

"असं बोलू नकोस," मी म्हटलं. "मला या कामातून बाजूला होता येत नाही मग."

ती गोंधळली. मग म्हणाली, "दर गुरुवारी जायचंय. तुम्ही चला माझ्यासोबत. पत्त्यांची रचना तुम्हीच करा, ते मला इतकं नीट जमत नाही."

मी तिच्याकडे रोखून बघितलं. "खरंच जमत नाही, की परत मला वायव्हा देतेयस?"

ती हसली. "खरंच जमत नाही, मॅडम. बंगळुरूला ते दुसरेच लोक करायचे. मला नुसते तयार आकडे मिळायचे."

मी विश्वास ठेवला. ठेवण्यासारखं होतं म्हणून, आणि ठेवायचा होता म्हणूनही.

गुरुवारी मी तिच्यासोबत जाते. स्कूटरवर ती पुढे, मी मागे, मांडीवर लॅपटॉपची बॅग. शेडमध्ये तिथले कामगार तिला 'मॅम' म्हणतात आणि मला 'मॅडम'. ती शिडीवर चढून अँटिना बसवते, मी खाली टेबलावर कुठल्या यंत्राला कुठला पत्ता ते ठरवते. आमचं जमतं. कधी कधी तिला माझ्याआधी सापडतं आणि ती वरूनच ओरडून सांगते, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. प्रत्येक वेळी मला लागतं. ते कमी होईल असं मी धरून चालले होते, पण झालेलं नाही. मी "बरं" म्हणते आणि ती सांगेल तिथं बदल करते.

मागच्या गुरुवारी परतताना द्वारका चौकात सिग्नलला आम्ही थांबलो होतो. ती मान वळवून म्हणाली, "मॅडम, पुढच्या वर्षी पीएच.डी.ला अर्ज करतेय. शिफारस तुमचीच लागेल."

"लिहीन," मी म्हटलं.

सिग्नल सुटला. मी एका हातानं बॅग घट्ट धरली आणि दुसरा तिच्या खांद्यावर ठेवला, कारण ती गाडी जरा जोरातच काढते.